सांधेदुखी की गाऊट? नेमके निदान हाच अर्धा उपचार

आपले गुडघे किती चांगले आहेत हे माणसाला रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना कळते, असे मी रुग्णांना गमतीने सांगतो. माहूर गडावर नवरात्र आणि दत्तजयंतीची यात्रा झाली की पुढचे आठ-पंधरा दिवस दवाखान्यात सांधेदुखीच्या रुग्णांची रीघ लागते. कुणाचा गुडघा सुजलेला असतो, कुणाची टाच दुखते, कुणाची कंबर धरलेली असते. यात नवे काही नाही. नवे आहे ते रुग्णांच्या हातातील रक्ततपासणीच्या कागदाचे. ‘डॉक्टरसाहेब, माझं युरिक ॲसिड वाढलंय. गाऊट झालाय म्हणतात,’ असे सांगत रुग्ण कागद पुढे करतो. कागदावर सात किंवा सव्वासात असा आकडा असतो. तेवढ्यावरून घरात वरण बंद, पालक बंद, टोमॅटो बंद झालेला असतो आणि दुकानातून आणलेली दुखीची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झालेली असते.

अशा रुग्णांपैकी काहींना खरोखरच गाऊट असतो. पुष्कळांना तो नसतो. याउलट ज्यांना गाऊट आहे, असे काही जण ‘वात आहे’, ‘मुका मार लागला असेल’ म्हणून वर्षानुवर्षे शेकत आणि चोळत बसतात. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचेच होते. म्हणून आजच्या लेखात हा आजार नीट समजून घेऊ.

गाऊट म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरातील पेशी सतत मोडत असतात आणि नव्या तयार होत असतात. पेशी मोडताना आणि काही अन्नपदार्थ पचताना ‘प्युरिन’ नावाची द्रव्ये सुटतात. त्यांचा शेवटचा अवशेष म्हणजे युरिक ॲसिड. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये हे ॲसिड पुढे मोडून टाकणारे एक विकर असते. माणसात ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले. त्यामुळे आपल्याला युरिक ॲसिड बाहेर टाकावे लागते आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश काम मूत्रपिंडे करतात. ‘ॲसिड’ या नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. पित्ताची ॲसिडिटी वेगळी आणि हे वेगळे. लिंबू, ताक किंवा टोमॅटो खाल्ल्याने रक्तातील युरिक ॲसिड वाढेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

रक्तात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरिक ॲसिड विरघळून राहू शकते. त्यापुढे ते गेले आणि बराच काळ तसेच राहिले, तर सांध्यांत त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक साचू लागतात. पाकात साखर जास्त झाली की भांड्याच्या कडेला खडे धरतात, तसाच हा प्रकार. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला असल्याने तेथील तापमान कमी असते. स्फटिक तेथे लवकर बसण्याचे हे एक कारण आहे. एके दिवशी शरीरातील पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडतात. मग जो भडका उडतो, तो गाऊटचा झटका.

दुखणे जुनेच आहे

हे दुखणे आधुनिक काळाची देणगी आहे, असे समजू नये. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय ‘वातशोणित’ म्हणजे वातरक्त या विकाराला वाहिलेला आहे. त्याच विकाराला तेथे ‘आढ्यवात’ असेही नाव आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. सुखासीन, खाऊनपिऊन बसलेल्या लोकांचा हा रोग, असा त्याचा अर्थ. वातरक्त आणि गाऊट तंतोतंत एक नव्हेत, पण दोहोंत साम्य बरेच आहे. युरोपातही गाऊटला राजेलोकांचा आजार म्हणत. आता ही श्रीमंती उरलेली नाही. रक्तदाब, मधुमेह, वाढते पोट, दारू आणि गोड शीतपेये खेड्यापर्यंत पोहोचली, तसा हा आजारही पोहोचला.

विज्ञानाची वाटचालही पाहण्यासारखी आहे. १६७९ साली हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी गाऊटच्या गाठीतील स्फटिक आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८४८ साली इंग्लंडच्या गॅरॉड यांनी अशा रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते हे दाखवले. १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलँडर यांनी सांध्यातील पाणी काढून त्यात हे स्फटिक ओळखण्याची रीत सांगितली. आजही पक्क्या निदानाची तीच खूण आहे.

झटका ओळखावा कसा?

गाऊटचा झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. माणूस धडधाकट झोपतो आणि मध्यरात्री पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागून जागा होतो. काही तासांतच तो सांधा लालबुंद, गरम आणि सुजलेला होतो. एका रुग्णाने मला सांगितले, ‘साहेब, अंगावरची गोधडी जरी अंगठ्याला लागली तरी जीव जातो.’ याहून चांगले वर्णन पुस्तकात सापडणार नाही. घोटा, गुडघा, मनगट, कोपर यांतही झटका येऊ शकतो. पहिल्या काही वेळा तो आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो आणि सांधा पूर्ववत होतो. येथेच घात होतो. रुग्णाला वाटते, लेप लावला म्हणून गेले. पुढचा झटका काही महिन्यांनी येतो, मग अंतर कमी होत जाते. उपचार न केल्यास सांधे झिजतात आणि कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढरट गाठी येतात. काहींना मुतखडाही होतो.

हा आजार प्रामुख्याने पुरुषांचा. स्त्रियांना पाळी सुरू असेपर्यंत नैसर्गिक संरक्षण असते, त्यामुळे त्यांच्यात तो साधारणपणे पाळी गेल्यानंतर दिसतो. तीस वर्षांच्या बाईचे दोन्ही हातांचे सांधे दुखत असतील, तर ‘युरिक ॲसिड’ म्हणून गप्प बसू नये.

रक्ततपासणीविषयी दोन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली, युरिक ॲसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही गाऊट होत नाही. केवळ आकडा थोडा जास्त आहे म्हणून औषध सुरू करण्याची सहसा गरज नसते. दुसरी, ऐन झटक्यात हा आकडा नेहमीसारखा म्हणजे ‘नॉर्मल’ येऊ शकतो. तेव्हा झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. आकड्यापेक्षा सांध्याची कहाणी महत्त्वाची.

मग बाकीच्यांचे सांधे का दुखतात?

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ठरलेल्या पद्धतीची ही पाहणी होती. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारले, तेव्हा शेकडा अठरा जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. त्यात मोठा वाटा सांध्यांच्या झिजेचा आणि स्नायू, शिरा यांच्या दुखण्याचा होता. गाऊट हजारी एखाद्यालाच होता. पाहणीला बरीच वर्षे झाली आणि खाणेपिणे बदलले, हे खरे. तरी खेड्यातील दुखऱ्या सांध्यामागे गाऊटपेक्षा दुसरेच कारण असण्याची शक्यता जास्त, हा त्यातील धडा आजही उपयोगी आहे.

आपल्याकडे दिसणारी कारणे प्रामुख्याने चार. पहिले, गुडघ्याची झीज. चाळिशी-पन्नाशीनंतर उठता-बसता, पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो आणि विश्रांतीने बरे वाटते. दुसरे, आमवात. यात दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर तरी हात आखडलेले राहतात. भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. हा आजार स्त्रियांत अधिक. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर बोटे वाकडी होणे टळते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी ‘युरिक ॲसिड’ समजून दोन वर्षे डाळ सोडली होती. आजार होता आमवाताचा आणि तोवर बोटे वाकू लागली होती. डाळ सोडण्यात गेलेली ती दोन वर्षे कुणी भरून देऊ शकत नाही.

तिसरे कारण चिकुनगुनिया. २००६ साली मराठवाड्यात त्याची मोठी साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. ताप चार दिवसांत जातो, पण सांधे कित्येक महिने धरून राहतात.

चौथे कारण पाण्यात असते. किनवट परिसरात आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा भागात काही ठिकाणी भूजलात मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड आढळलेले आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास मान, पाठ आणि सांधे ताठ होत जातात. गावातील मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसत असतील, तर मोठ्यांच्या सांधेदुखीचे मूळ हातपंपात शोधावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्यावे आणि पिण्यासाठी दुसरा स्रोत वापरावा.

रोजच्या गोळीची किंमत

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जवळच्या एका खेड्यातील पन्नाशीचे शेतकरी माझ्याकडे आले, ते पायावरची सूज दाखवायला. विचारता विचारता कळले की सात-आठ वर्षांपासून वर्षातून दोन-तीनदा त्यांचा अंगठा धरत असे. सुरुवातीला ते झटक्यापुरती दुखीची गोळी घेत. पुढे पेरणीच्या, वेचणीच्या दिवसांत काम थांबू नये म्हणून गोळी रोजचीच झाली. रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडांचे काम बरेच उतरले होते. अंगठा गाऊटचाच होता, निदान अवघड नव्हते. पण मधल्या काळात गोळीने जे नुकसान केले, ते पूर्ण भरून येणारे नव्हते.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या वाईट नव्हेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मोजके दिवस घेतल्यास त्या उपकारकच आहेत. रोज घेतल्यास मात्र जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे खराब होतात. ज्यांना आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना धोका अधिक. त्यात मूत्रपिंड थकले की युरिक ॲसिड बाहेर पडत नाही आणि गाऊट आणखी बळावतो. असे हे दुष्टचक्र आहे.

बाजारात, यात्रेत विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही सावध राहावे. ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, तिच्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेले असते. काही महिन्यांनी तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांना दाखवूनच सोडावी.

उपचार दोन प्रकारचे

गाऊटच्या उपचाराचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला भाग, झटका शमवणे. त्यासाठी वेदनाशामके, कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, यांपैकी रुग्णाला सोसेल ते डॉक्टर ठरवतात. सोबत पाय उंच ठेवणे, विश्रांती आणि फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकणे. गरम विटेचा शेक आणि जोराचे मालीश या वेळी करू नये.

कोल्चिसिनविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे द्रव्य आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर, जंगलाच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले मिरवणाऱ्या कळलावीत म्हणजे खड्यानागात असते. म्हणून कुणी तिचा कंद उगाळून पोटात घेऊ नये. कंदात ते किती आहे याचा नेम नसतो आणि विषबाधा झाली तर त्यावर हमखास उतारा नाही. गोळीच्या रूपातही ते अगदी कमी मात्रेतच द्यायचे असते. जादा गोळ्यांनी जादा गुण येत नाही, जुलाब-उलट्या मात्र होतात.

दुसरा भाग, रक्तातील युरिक ॲसिड कायमचे ६ च्या खाली ठेवणे. ज्यांना वारंवार झटके येतात, गाठी आल्या आहेत किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना याची गरज असते. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल हे जुने आणि स्वस्त औषध आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना एखादा झटका येऊ शकतो. ‘औषधानेच दुखणे वाढले’ म्हणून ते सोडू नये. झटका आला तरी चालू असलेली गोळी थांबवायची नाही. मात्र अंगावर पुरळ आले, तोंड आले किंवा ताप आला, तर गोळी तत्काळ बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ही रिॲक्शन क्वचित येते, पण जिवावर बेतू शकते.

मघाच्या शेतकऱ्यांना असेच थोड्या मात्रेत औषध सुरू केले. दुखीची रोजची गोळी सुटली. आता वर्ष उलटले, अंगठा धरलेला नाही. मूत्रपिंडांवर मात्र कायम लक्ष ठेवावे लागते.

आमवाताच्या रुग्णांसाठी येथेच एक सूचना. मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो. घरातील शिकलेल्या माणसाने वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी.

वरणाला दोष देऊ नका

लातूरच्या तूरडाळीवर महाराष्ट्र जेवतो आणि इकडे आपलेच लोक युरिक ॲसिडच्या भीतीने वरण सोडतात! अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात ७३० जणांना गाऊट झाला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना तो अधिक झाला, दूधदुभते घेणाऱ्यांना कमी. डाळी, वाटाणा, पालक यांसारख्या प्युरिन असलेल्या भाज्यांनी धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा वरण-भाकरी, भाजी, ताक खुशाल घ्यावे. आवरायचे आहे ते वेगळेच : कलेजी, वजडी, मटणाचा रस्सा, बिअर आणि दारू, गोड शीतपेये. मोहाची असो वा दुकानातली, दारू ती दारूच.

कडक उपवास आणि कमी पाणी यांनीही झटका येतो. नवरात्रात नऊ दिवस उपाशी राहून उन्हात रांगेत उभे राहणाऱ्यांनी पाणी, ताक, दूध, फळे घेत राहावे. देवीला भक्ती हवी, वाळलेले मूत्रपिंड नको. अर्थात, ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी तेच पाळावे. वजन कमी करायचे तेही हळूहळू. एकदम पोट मारून केले तर उलट झटका येतो. रक्तदाबाच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

दुखण्यासोबत चालताना

झिजेच्या गुडघ्याला औषधापेक्षा मांडीच्या स्नायूंची ताकद अधिक उपयोगी पडते. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ ताठ करावा, दहा अंक मोजावेत, खाली घ्यावा. असे प्रत्येक पायाने दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. शौचाला शक्य असल्यास खुर्ची किंवा कमोड वापरावा. निंदणी-खुरपणी तासन्‌तास उकिडवे बसून करण्याऐवजी मधूनमधून उठावे, लहान पाटावर बसावे.

काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. दर पंधरा-वीस पायऱ्यांना थांबावे. ऐन झटक्यात मात्र गड चढण्याचा हट्ट नको, दर्शन आठ दिवसांनी घेतले तरी चालते.

उशीर कधी करू नये?

सांधा लाल, गरम झाला आहे आणि सोबत थंडी-ताप आहे, सांधा हलवताच येत नाही, लघवी कमी झाली आहे, तोंडावर-पायांवर सूज आहे किंवा शौचास काळी होत आहे, अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. सांध्यात पू झाला असेल तर तो काही दिवसांत सांधा कायमचा नासवतो आणि वरून तो गाऊटसारखाच दिसतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण सांधा वाचेल.

ज्यांचे सांधे बरेच दिवस दुखत आहेत, त्यांनी एक साधी वही करावी. कोणता सांधा, कधी सुरू झाला, सकाळी किती वेळ आखडतो, आदल्या दिवशी काय खाल्ले-प्यायले आणि कोणती गोळी किती दिवस घेतली, हे लिहावे. डॉक्टरांकडे जाताना युरिक ॲसिडच्या कागदासोबत ही वहीही न्यावी. सोबत मूत्रपिंडांची म्हणजे क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. दुखीच्या गोळ्या वर्षभर घेत असलेल्या प्रत्येकाने तर ती या महिन्यातच करावी.